खिशातला पोटेन्शिओस्टॅट आणि 'जीएफएपी रेडी' स्ट्रिप: आठ महिने वापरून

आधी निकाल सांगते, कारण बरेच जण पर्चेसची फाइल हातात घेऊनच हे वाचत असतील. यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा बारीक करंट मोजणारा पोटेन्शिओस्टॅट, घ्या. कोऱ्या स्ट्रिप, म्हणजे त्यात खोचायच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या, घ्या, पण बॅच नंबर बघून घ्या. जीएफएपी हे मेंदूतलं प्रथिन पकडणारी अँटीबॉडी आधीच बसवलेल्या, 'जीएफएपी रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्ट्रिप मात्र विक्रेत्याने तुमच्या डोळ्यांसमोर सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून निघणाऱ्या द्रवात) चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. बफरमधला, म्हणजे स्वच्छ क्षारद्रावणातला, डेमो धरू नका. सीरम तुमचं, हात त्यांचे, असा डेमो मागा.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात पीएचडी करते. मेंदूला मार लागल्यावर रक्तात उतरणारी प्रथिनं इलेक्ट्रोडवर पकडायची, हा विषय. विषय कागदावर आधीच होता, पण तो माझा झाला मागच्या वर्षीच्या जुलैत. बाबा डोंबिवली स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून घसरले आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, नाव विचारलं, वार विचारला, हात वर करायला सांगितले. शुद्धीचा स्कोअर पंधरापैकी पंधरा. ही मोजणी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडली आणि आजही जगभर तीच चालते, इतकी ती साधी आणि पक्की आहे. पण एकदा उलटी झाली होती, त्यामुळे सीटी करायचं ठरलं. चार तास रांग. बाबा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेले आणि मी दर दहा मिनिटांनी त्यांना उगाच काहीतरी विचारत होते, उत्तर नीट येतंय ना बघायला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं बाळा, झोपू दे मला." त्यानंतर तर मी जास्तच घाबरले.

सीटी स्वच्छ आला. पण ते चार तास काही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्या रांगेत मला माहीत होतं की मेंदूची इजा रक्तात मोजता येते. मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी असतात, जीएफएपी हे त्यांच्या आतल्या सांगाड्याचं प्रथिन. पेशी फुटली की त्याचे तुकडे रक्तात येतात. यूसीएच-एल१ हे दुसरं प्रथिन न्यूरॉनमधून, म्हणजे मेंदूच्या चेतापेशींमधून येतं. दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत: यूसीएच-एल१ लवकर चढतं, साधारण आठव्या तासाला शिखर गाठतं आणि उतरतं. जीएफएपी विसाव्या तासाच्या आसपास शिखरावर असतं आणि पुढेही बराच काळ सापडतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीवरच्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. अ‍ॅबटच्या आय-स्टॅट या हातात धरायच्या यंत्रावरची प्लाझ्माची चाचणी जानेवारी २०२१ मध्ये आली, तिचं उत्तर साधारण १५ मिनिटांत मिळतं. प्लाझ्मा म्हटल्यावर रक्त गरगर फिरवून त्याचा द्रवभाग वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज आलं. २०२४ मध्ये थेट अख्ख्या रक्तावर चालणारी आवृत्ती मान्य झाली, म्हणजे ती अडचणही गेली. चाचणी प्रौढांसाठी आहे, ग्लासगो स्कोअर १३ ते १५ असलेल्यांसाठी. निगेटिव्ह आली तर सीटीची गरज बहुधा नाही, पॉझिटिव्ह आली तर सीटी कराच, एवढंच ती सांगते. ती सीटीची जागा घेत नाही, रांग कमी करते. माझ्यासाठी तेवढंच पुष्कळ आहे.

आणि आय-स्टॅटचं हे काम इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवरच चालतं. एक अँटीबॉडी प्रथिनाला धरते, दुसरी वरून बसते, दुसरीच्या पाठीवर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम असतं. ते सबस्ट्रेट, म्हणजे त्याला दिलेलं रसायन, तोडतं आणि जे सुटतं ते इलेक्ट्रोडवर करंट देतं. म्हणजे तत्त्व सिद्ध झालेलं आहे. आम्ही लॅबवाले धडपडतो ते हे स्वस्तात, इथे, आपल्या हवेत कसं होईल यासाठी.

आता वस्तूकडे येते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या बऱ्याचशा तक्रारी या एका ब्रँडपेक्षा अशा मालाच्याच आहेत, आणि तुम्हाला कोणाचंही कोटेशन आलं तरी प्रश्न हेच विचारायचे आहेत.

पोटेन्शिओस्टॅट चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा आहे. एका टोकाला स्ट्रिपची खाच, दुसऱ्या टोकाला चार्जिंग, मध्ये काही नाही. ब्लूटूथवरून फोनला किंवा केबलने लॅपटॉपला जोडायचा. किंमत साधारण दोन स्कूटरांइतकी पडली, त्यात कोऱ्या स्ट्रिपचं एक पाकीट आणि 'रेडी' स्ट्रिपचं एक पाकीट. जानेवारीत आला. पहिल्याच दिवशी मी त्याची परीक्षा घेतली ती लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एक टक्का टॉलरन्सच्या रेझिस्टरवर आणि एका कपॅसिटरवर, म्हणजे डमी सेलवर. नवं यंत्र आलं की रसायनाला हात लावण्याआधी हे करा, खर्च चहा-भज्याइतका येतो. रीडिंग रेझिस्टरच्या टॉलरन्सच्या आत आली. मग एकाच स्ट्रिपवर आमच्या जुन्या टेबलावरच्या यंत्राने आणि याने पाठोपाठ सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज पुढेमागे नेत काढलेला करंटचा आलेख) घेतला. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा गाइड मॅडम चष्मा वर करून स्क्रीनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "यातली आपली कुठली?" यंत्राचं याहून मोठं कौतुक मी करू शकत नाही.

बॅटरी कामाचा पूर्ण दिवस जाते. खरं तर बॅटरीवर चालतं हाच याचा सगळ्यात मोठा गुण. केबल लावून चार्जिंगवर ठेवलं आणि इम्पिडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) घेतला की ५० हर्ट्झच्या आसपास ठिपके विस्कटतात, शेजारचा फ्रिज सुरू झाला की अजूनच. केबल काढली की निम्मा त्रास संपतो. उरलेल्यासाठी मी घरून दिवाळीच्या फराळाचा पत्र्याचा डबा आणला, कडेला एक भोक पाडून अर्थिंगची वायर जोडली आणि यंत्र स्ट्रिपसकट आत ठेवून झाकण लावलं. नायक्विस्टची, म्हणजे इम्पिडन्सच्या आलेखाची, रेष अगदी शांत झाली. फक्त झाकण लावलं की ब्लूटूथ तुटतो, म्हणून रन सुरू करून मग झाकण लावायचं. डेटा यंत्राच्या आत साठतो आणि झाकण उघडल्यावर फोनमध्ये उतरतो. ही सोय ज्याने ठेवली त्याने स्वतः कधीतरी डब्यात यंत्र ठेवलेलं असणार.

कमकुवत जागा एकच, पण ती रोजची आहे: स्ट्रिपची खाच. थेंब १०० मायक्रोलिटरचा टाकायचा असतो. हात जरा हलला की द्रावण स्ट्रिपच्या मानेवरून खाली ओघळतं आणि खाचेत शिरतं. मग पाणी उडतं आणि मीठ राहतं. मार्चमध्ये रीडिंग उड्या मारायला लागली तेव्हा मी भिंगाखाली खाच बघितली. तीनही पिनांवर पांढरे स्फटिक, साखरेचा पाक वाळल्यावर कढईच्या काठाला धरतो तसे, आणि मधल्या पिनेवर पिवळट छटा, चाचणीच्या द्रावणातल्या फेरीसायनाइडची. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या कापसाच्या काडीने साफ केलं, चाललं. मेमध्ये तीच पिन सैल झाली. नवी खाच यायला पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे मी क्रोकोडाइल क्लिप लावून काम केलं. विक्रेत्याला माझं सांगणं आहे की सुटी खाच खोक्यातच द्या, तिची किंमत ती काय.

सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी एक सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसमधल्या मंडळींनी २०११ साली चीपस्टॅट नावाच्या पोटेन्शिओस्टॅटचं ८० डॉलरच्या आतलं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. व्होल्टॅमेट्री शिकवायला, एमएस्सीच्या मुलांच्या हातात द्यायला त्याला तोड नाही. प्रत्येक कॉलेजात एक तरी असावा.

कोऱ्या स्ट्रिप. कार्बनचा चार मिलिमीटरचा गोल, बाजूला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड. काम चांगलं देतात, पण सगळ्या नाही. फेब्रुवारीच्या पाकिटातल्या ३० स्ट्रिप मी काहीही न लावता फेरी-फेरोसायनाइडमध्ये तपासल्या. २६ एकसारख्या, ४ बाद. जूनच्या बॅचमधल्या ३० पैकी ९ बाद गेल्या. बाद म्हणजे काय ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण तिरप्या उजेडात धरली तर कार्बनच्या गोलावर एखादी खडबडीत रेघ दिसते, जाळीचा ठसा राहिल्यासारखी. आता मी प्रत्येक स्ट्रिप आधी खिडकीकडे तिरकी धरते. दोन सेकंद लागतात आणि दिवस वाचतो.

पावसाळ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण पाकिटावरच्या सूचना मुंबईसाठी लिहिलेल्या नसतात. 'कोरड्या, थंड जागी ठेवा'. जुलैत आमच्या लॅबमध्ये भिंतीला हात लावला तर ओला होतो. पाकीट एकदा फोडलं की स्ट्रिप दमट होतात आणि पहिल्या काही स्कॅनमध्ये बेसलाइन सरकत राहते. मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून सिलिका जेल आणते आणि डेसिकेटरमध्ये ठेवते. एप्रिलमध्ये निळं जेल तीन आठवडे निळं राहिलं होतं. जुलैत दुसऱ्या दिवशी कडा गुलाबी आणि चौथ्या दिवशी सगळं गुलाबी. दर शनिवारी ओव्हनमध्ये भाजून परत निळं करायचं. डेसिकेटरला बाहेरून काळा कागद गुंडाळा, सिल्व्हर क्लोराइडला उजेड चालत नाही.

आता 'रेडी' स्ट्रिप. इथे थांबून लिहिते, कारण माझा राग इथे आहे.

डेमो डिसेंबरमध्ये झाला होता. सेल्समन मुलगा नम्र होता, हुशार होता. त्याने स्ट्रिप घातली, बफरमध्ये मिसळलेलं जीएफएपी टाकलं, दहा मिनिटं थांबला, धुतलं, रन लावला. कॉन्सन्ट्रेशन वाढत गेलं तसं इम्पिडन्सच्या आलेखातलं अर्धवर्तुळ एकेक पाऊल मोठं होत गेलं. सुंदर दिसत होतं. प्रथिन चिकटलं की फेरोसायनाइडला इलेक्ट्रोडपर्यंत पोचायला अडथळा येतो, तो अडथळा म्हणजे ते अर्धवर्तुळ. मी विचारलं, "सीरममध्ये?" तो म्हणाला, "मॅडम, सीरममध्ये पण सेम."

सेम नसतं. का नसतं ते आकड्यात सांगते. अमेरिकेतल्या त्या २०२१ च्या प्लाझ्मा चाचणीचा जीएफएपीचा कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह धरायची मर्यादा, मिलिलिटरला ३० पिकोग्रॅम आहे. आपल्या रक्ताच्या द्रवभागात मिलिलिटरला साधारण ७० मिलिग्रॅम इतर प्रथिनं असतात. भागाकार करून बघा: जीएफएपीच्या एका कणाएवढ्या वजनामागे दोनशे कोटींहून जास्त पट वजन भलत्याच प्रथिनांचं, त्यात निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन. त्या गर्दीत अँटीबॉडीने आपलं माणूस ओळखायचं, आणि गर्दीने इलेक्ट्रोडवर बसायचं नाही. गर्दी बसतेच. आणि बसलेल्या अल्ब्युमिनचा अडथळा आणि बसलेल्या जीएफएपीचा अडथळा, इम्पिडन्सला दोन्ही सारखेच दिसतात.

पाकीट आल्यावर मी विकतचं मानवी सीरम घेतलं, त्यात काहीही न घालता 'रेडी' स्ट्रिपवर टाकलं. अर्धवर्तुळ बफरमधल्या एका नॅनोग्रॅमपेक्षा मोठं आलं. एक नॅनोग्रॅम म्हणजे त्या कटऑफच्या तीसपट. तीन स्ट्रिप केल्या, तीनही तशाच. दहापट पातळ केलं तर अडथळा उतरला, पण मग ३० चे ३ पिकोग्रॅम झाले आणि ते दिसेनात.

इथवर मी समजून घेतलं असतं, संशोधन आहे, चालायचंच. पण सोबतच्या अ‍ॅपमध्ये एक पडदा आहे. रन संपला की तो हिरवा किंवा लाल होतो आणि लाल पडद्यावर मोठ्या अक्षरात येतं: मेंदूला इजा असण्याची शक्यता. निरोगी माणसांच्या सीरमवर माझ्याकडे तीनदा लाल आला. मी त्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होते आणि मला स्ट्रेचरवरचे बाबा आठवत होते. लाल चुकून आला तर निदान सीटी तरी होईल. पण जिथे अँटीबॉडी मेलेली असेल तिथे तो हिरवा येईल, आणि हिरवा बघून कोणी घरी पाठवला तर? खोक्याच्या तळाशी 'केवळ संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात आहे. मग तो पडदा कशासाठी ठेवलाय? ओहम दाखवा, करंट दाखवा. अर्थ लावायचा अधिकार त्या अ‍ॅपला कोणी दिलेला नाही. मी हे लेखी कळवलं. दोन महिन्यांनी आलेल्या नव्या आवृत्तीत तो पडदा बंद करायचा पर्याय दिलाय. काढलेला नाही.

आणि मेलेली अँटीबॉडी ही काही कल्पना नाही. 'रेडी' स्ट्रिपचं दुसरं पाकीट एप्रिलमध्ये शनिवारी दुपारी गेटवर पोचलं. सोमवारी सकाळी सिक्युरिटीचे काका म्हणाले, "मॅडम, तुमचं शनिवारीच आलंय, नीट सावलीत ठेवलंय टेबलाखाली." त्यांनी खरंच जपून ठेवलं होतं, वर वर्तमानपत्र घालून. थर्माकोलच्या खोक्यात आइस पॅकचं कोमट पाणी झालं होतं आणि पाकिटावर लिहिलेलं होतं, २ ते ८ अंश. बफरमध्ये १० नॅनोग्रॅम टाकूनही रेष हलली नाही. खोक्यावर बाहेरून कुठेही 'फ्रिजमध्ये ठेवा' असं लिहिलेलं नव्हतं, तापमानाचं स्टिकर नव्हतं. डिस्ट्रिब्युटरचं उत्तर होतं, कुरियर वेळेत पोचलंय. तीन मेल आणि मॅडमच्या एका फोननंतर अर्धं पाकीट बदलून मिळालं.

आता मी काय करते ते सांगते, कारण नुसती तक्रार करून तुमचं काम होणार नाही. कोरी स्ट्रिप घेते, अँटीबॉडी स्वतः बसवते. उरलेल्या जागा बीएसएने (गाईच्या अल्ब्युमिनने) भरते. ट्वीन-२० हा सौम्य साबण घातलेल्या बफरने तीनदा धुते, आणि इथे घाई करत नाही, पिपेटची टीप स्ट्रिपला न लावता थेंब कडेने फिरवते. मग नुसत्या अडथळ्यावर न थांबता दुसरी, अल्कलाइन फॉस्फटेजवाली अँटीबॉडी लावते. म्हणजे गर्दी बसली तरी करंट फक्त जिथे दोन्ही अँटीबॉडींनी धरलंय तिथूनच येतो. दीड तास जास्त लागतो. पण चारपट पातळ केलेल्या सीरममध्ये १०० पिकोग्रॅम आणि कोरं सीरम आता सलग तीन दिवस, तीन-तीन स्ट्रिपवर, स्वच्छ वेगळं दिसतंय. ३० अजून नाही. यंत्र त्याला कमी पडत नाही, लहान करंट ते नीट पकडतं. अडतंय ते स्ट्रिपच्या पृष्ठभागावर.

कोणी म्हणेल एस१००बी हे मेंदूच्या इजेचं दुसरं प्रथिन का नाही, ते तर रक्तात जास्त असतं आणि स्कॅन्डिनेव्हियात २०१३ पासून मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. खरंय, आणि तिथे त्याने बरेच सीटी वाचवलेत. पण ते चरबीतूनही येतं आणि हाड मोडलं तरी वाढतं. लोकलमधून पडलेल्या माणसाचं नुसतं डोकं आपटलेलं नसतं. मुंबईसाठी मी जीएफएपीच्याच मागे आहे.

एवढं वाचून घ्यायला निघालात तर डिस्ट्रिब्युटरला हे विचारा: शेवटच्या तीन बॅचचा कोऱ्या स्ट्रिपचा डेटा द्याल का, सीरममधला कर्व्ह स्वतःच्या लेटरहेडवर द्याल का, सुटी खाच खोक्यात येईल का, आणि माल मंगळवार ते गुरुवारच पाठवाल का. यातल्या दुसऱ्या प्रश्नावर फोनवर जी शांतता पसरते तिच्यावरून बरंच कळतं.

नवी अँटीबॉडी या बुधवारी येतेय. पार्सल अंधेरीच्या गोडाऊनमध्ये उतरलं की मला फोन करायचा, गेटवर पाठवायचं नाही, असं ठरवून घेतलंय. आईस बॉक्स घेऊन मी स्वतः जाणार आहे. बाबा म्हणाले, "मी पण येतो." मी म्हटलं, "या, पण पुलावरून कठडा धरून चला."